वजन घटले, तरी मूल सुधारले
(संप्रेरके, त्यांची वाहक प्रथिने आणि स्नायूंची वाढ)

यंदाच्या अहवालातील बालरुग्ण विभागाच्या तक्त्यात एक रकाना बदललेला वाचकांच्या लक्षात येईल. तीव्र कुपोषित बालकाची वजनवाढ आजवर आम्ही घरी जातानाच्या वजनातून दाखल होतानाचे वजन वजा करून दाखवीत असू. यंदापासून ती उपचारकाळातील सर्वांत कमी वजनापासून मोजली आहे. हिशेबाची पद्धत मध्येच बदलली की लेखापरीक्षक कारण विचारतात, आणि त्यांनी ते विचारावेच. सन्माननीय विश्वस्त व देणगीदार यांनाही तोच अधिकार आहे. प्रस्तुत लेख हा त्या बदलाचा खुलासा होय. लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर असून वैद्यकशास्त्राचा अभ्यासक नाही. आमच्या बालरोगतज्ज्ञांनी वेळोवेळी समजावून सांगितले ते टिपून घेऊन, त्यांच्याकडून तपासून घेऊन येथे मांडले आहे.

गेल्या पावसाळ्यात धडगाव भागातून वीस महिन्यांची एक मुलगी दाखल झाली. पावलांवर व पायांवर सूज, चेहरा फुगीर, केस विरळ व तांबूस, आणि खेळण्याकडे तर सोडाच, आईकडेही लक्ष नाही. वजन भरले ६ किलो ४०० ग्रॅम. सहाव्या दिवशी तेच वजन ५ किलो ७०० ग्रॅम झाले. तिचे आजोबा वजनाचे कार्ड घेऊन माझ्या टेबलापाशी आले आणि म्हणाले, "साहेब, पोरगी आणली तेव्हा जास्त होती. आता इथे राहून कमी झाली. आम्ही घरी नेतो." मीही आकडे पाहिले आणि मला त्यांचेच म्हणणे पटले. सातशे ग्रॅमची तूट ही कोणत्याही वहीत तूटच. मी कार्ड घेऊन डॉक्टरांकडे गेलो तो जवळजवळ तक्रार घेऊनच गेलो, हे कबूल केले पाहिजे.

त्याच आठवड्यात एका सद्‌गृहस्थांनी मोठ्या आस्थेने प्रथिनांच्या भुकटीचे डबे वॉर्डासाठी पाठविले होते. डॉक्टरांनी ते वॉर्डात न ठेवता भांडारगृहात ठेवावयास सांगितले. मुलाच्या अंगात प्रथिने नाहीत म्हणावे आणि प्रथिनांचे डबे कुलपात ठेवावे, हे कोडे मला उलगडेना, आणि देणगीदारांना काय उत्तर द्यावे तेही सुचेना. पुढे ध्यानात आले की आजोबांच्या तक्रारीचे आणि त्या डब्यांचे उत्तर एकच आहे.

आपल्या शरीरातील संप्रेरके, म्हणजे ज्यांना आपण हार्मोन म्हणतो ती रसायने, रक्तातून सर्वत्र फिरतात आणि अवयवांना हुकूम पोहोचवितात. त्यांपैकी बरीचशी एकटी फिरत नाहीत. रक्तात ठरावीक प्रथिने असतात, ती संप्रेरकाला आपल्याशी बांधून घेतात. त्यांना येथे आपण वाहक प्रथिने म्हणू. संप्रेरक बांधलेले असताना सहसा पेशीवर काम करू शकत नाही. सुटे झाले की करते. थायरॉइडचे मुख्य संप्रेरक थायरॉक्सिन घ्या. त्यातील हजारात एक भागसुद्धा सुटा नसतो, बाकी सारा बांधलेला. टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाचा साधारण दोन टक्के भाग सुटा असतो. वहीच्या भाषेत सांगावयाचे तर एकूण शिल्लक मोठी, हातातील रोकड अगदी थोडी. आणि दिवसाचा खर्च चालतो तो रोकडीवर.

मग इतके बांधून ठेवण्याचे प्रयोजन काय? बांधणे म्हणजे नुसते अडविणे नव्हे, सांभाळणेही असते. लहान आकाराचे संप्रेरक सुटे राहिले तर थोड्याच वेळात रक्तातून नाहीसे होते. वाहक प्रथिन त्याला टिकविते आणि लागेल तसे थोडे थोडे सोडते. याचे सर्वांत ठळक उदाहरण मुलांच्या वाढीशी व स्नायूंशीच निगडित आहे.

मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीतून वाढीचे संप्रेरक स्रवते, हे पुष्कळांना ठाऊक असते. परंतु हाडे व स्नायू वाढविण्याचे पुष्कळसे काम ते स्वतः न करता दुसऱ्याकरवी करविते. १९५७ मध्ये सॅल्मन व डॉगडे या अमेरिकन संशोधकांना या मध्यस्थाचा सुगावा लागला. १९७८ मध्ये झुरिक येथील रिंडरक्नेख्ट व हुंबेल यांनी त्याची संपूर्ण रचना उलगडली. ती इन्सुलिनशी मिळतीजुळती निघाली, म्हणून त्याला इन्सुलिनसदृश वृद्धिघटक, संक्षेपाने आयजीएफ-१, हे नाव मिळाले. तो मुख्यत्वे यकृतात तयार होऊन रक्तात उतरतो. स्नायू स्वतःपुरताही तो तयार करतात. स्नायूंच्या पेशींना 'नवे प्रथिन बांधा, जुने मोडू नका' हा निरोप देणारा तोच.

या आयजीएफ-१ साठी शरीराने एक नव्हे, सहा वाहक प्रथिने ठेवली आहेत. त्यांतील तिसऱ्या क्रमांकाचे महत्त्व मोठे आहे. ते आयजीएफ-१ ला धरते, आणि यकृतातच तयार होणारे आणखी एक प्रथिन त्या दोघांना येऊन मिळते. असा हा तिघांचा गठ्ठा रक्तात फिरत राहतो. रक्तातील तीन चतुर्थांशाहून अधिक आयजीएफ-१ या गठ्ठ्यातच असतो. तो सुटा असेल तर दहा-बारा मिनिटांत संपतो. गठ्ठ्यात असेल तर बारा ते पंधरा तास टिकतो. शिवाय हा सारा साठा एकदम सुटा झाला असता तर इन्सुलिनप्रमाणे वागून त्याने रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरविली असती. पहिल्या क्रमांकाच्या वाहकाचा स्वभाव निराळा आहे. पोटात अन्न नसले, इन्सुलिन उतरले, की यकृत ते अधिक प्रमाणात तयार करते, आणि ते उरलासुरला सुटा आयजीएफ-१ पकडून ठेवते. दुष्काळात बांधकाम काढू नये, हा शहाणपणा शरीराने असा अंगी बाणविला आहे.

आता त्या मुलीकडे येऊ. तीव्र कुपोषित बालकाच्या रक्तात वाढीचे संप्रेरक कमी असेल, अशी माझी समजूत होती. वस्तुस्थिती उलट आहे. अशा बालकांत ते पुष्कळदा वाढलेले आढळते. दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊन येथे १९६० च्या दशकात हे प्रथम नोंदविले गेले. हुकूम जोरात सुटत असतो, पण यकृतापाशी तो अडतो. यकृताला कच्चा माल नाही, त्यात जंतुसंसर्गाने ते बेजार. परिणामी आयजीएफ-१ कमी तयार होतो, त्याला टिकविणारे तिसऱ्या क्रमांकाचे वाहक कमी पडते आणि त्याला अडकवून ठेवणारे पहिल्या क्रमांकाचे वाहक मात्र वाढते. अशा बालकाला वाढीच्या संप्रेरकाचे इंजेक्शन देणे म्हणजे ज्या खात्यात पैसा नाही त्यावर आणखी एक धनादेश लिहिणे होय. "ताकदीचे इंजेक्शन द्या" असा आग्रह करणाऱ्या नातेवाइकांना आता मी हेच सांगतो.

याच वेळी दुसरीकडे उलटा व्यवहार चाललेला असतो. संकटकाळी स्रवणारे कॉर्टिसॉल हे संप्रेरक स्नायूंतील प्रथिने मोडून यकृताला पुरविते. एरवी कॉर्टिसॉलचा मोठा भाग त्याच्या वाहक प्रथिनाशी बांधलेला असतो. कुपोषणात ते वाहकही यकृताकडून पुरेसे तयार होत नाही, म्हणून सुटे कॉर्टिसॉल वाढते. स्नायू ही शरीराची गंगाजळी आहे आणि ती अशी भराभर उपसली जाते. मांड्यांची व कुल्ल्यांची कातडी सैल होऊन लोंबू लागते, त्यामागे हे कारण असते. वाढविणारे संप्रेरक बांधलेले व मोडणारे संप्रेरक मोकळे, अशा अवस्थेत मूल आपल्याकडे येते.

सुजेविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण आजोबांची तक्रार तिच्यातूनच उद्भवली. सूज येणाऱ्या या कुपोषणाला क्वाशिओरकोर म्हणतात. हा घाना देशातील गा भाषेचा शब्द. पाठचे भावंड आल्यावर दुधावरून दूर झालेल्या मुलाला होणारा आजार, असा त्याचा आशय. डॉ. सिसिली विल्यम्स यांनी १९३३ मध्ये या आजाराचे वर्णन केले आणि १९३५ मध्ये हे नाव वैद्यकीय वाङ्मयात आणले. आपल्या सातपुड्यातील कितीतरी घरांत नेमका हाच क्रम घडतो, हे निराळे सांगावयास नको. कमी प्रथिने खाल्ली म्हणून सूज येते, असे दीर्घकाळ समजले जाई. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे डॉ. सी. गोपालन यांनी १९६८ मध्ये या समजुतीला धक्का दिला. एकाच तऱ्हेचे अन्न खाणाऱ्या मुलांपैकी काही नुसती वाळतात, तर काहींना सूज येते. तेव्हा फरक ताटातला नसून शरीर टंचाईशी कसे जुळवून घेते यातला आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्याच संस्थेतील डॉ. कमला जया राव यांनी १९७४ मध्ये या जुळवून घेण्याची संप्रेरकांच्या अंगाने मांडणी केली. पुढे १९८० च्या सुमारास जमैकातील निरीक्षणांत दिसले की योग्य उपचारांनी सूज उतरते ती रक्तातील अल्ब्युमिन वाढण्याची वाट न पाहता. अल्ब्युमिन हे रक्तातील सर्वांत विपुल प्रथिन, आणि तेही अनेक संप्रेरकांचे वाहक. त्याची भरपाई सावकाश होते, कारण ते साधारण वीस दिवसांत निम्मे बदलते. अल्ब्युमिनची महागडी बाटली लावून सूज घालविण्याचा मार्ग म्हणूनच सांगितलेला नाही. साध्या सलाईनचेही तसेच. "सलाईन लावा" ही आपल्याकडे प्रत्येक कुटुंबाची पहिली मागणी असते. परंतु अशा बालकाच्या हृदयाला ते पाणी पेलत नाही, म्हणून अगदी अपरिहार्य प्रसंगीच ते वापरतात.

सातशे ग्रॅम गेले कोठे, याचे उत्तर एव्हाना वाचकांना मिळाले असेल. ते सुजेचे पाणी होते. मुलगी दाखल झाली तेव्हाचे ६ किलो ४०० हे वजन म्हणजे फुगविलेला ताळेबंद होता. सहाव्या दिवशीचे ५ किलो ७०० हे तिचे खरे वजन.

जागतिक आरोग्य संघटनेने ठरवून दिलेली उपचारपद्धती आमच्या वॉर्डात पाळली जाते. तिचा पहिला टप्पा आठवडाभरापर्यंतचा असतो आणि त्यात मुलाला वाढविण्याचा प्रयत्नच केला जात नाही. साखर उतरू न देणे, अंग थंड पडू न देणे, जंतुसंसर्ग आवरणे, क्षार व सूक्ष्म पोषकद्रव्ये पुरविणे, एवढेच. एफ-७५ नावाचे पातळ मिश्रण दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, मोजून पाजतात. त्यात दूध, साखर, तेल, धान्याचे पीठ व क्षार असतात. त्याच्या शंभर मिलिलिटरमध्ये ७५ उष्मांक असतात, पण प्रथिने केवळ ०.९ ग्रॅम. थकलेल्या यकृताला व मूत्रपिंडांना याहून अधिक प्रथिनांचा भार सोसत नाही, उलट जिवावर बेतू शकते. भुकटीचे डबे कुलपात राहिले ते याकरिता. दोन-दोन तासांच्या पाजण्याचा मुख्य हेतू साखर टिकविणे हा खरा, परंतु त्याचा आणखी एक लाभ होतो. प्रत्येक पाजण्याबरोबर थोडे इन्सुलिन स्रवते आणि आयजीएफ-१ ला अडकवून ठेवणारे ते पहिल्या क्रमांकाचे वाहक ओसरू लागते. रात्री दोन वाजता झोपलेल्या मुलाला उठवून वाटीचमच्याने पाजणारी परिचारिका रक्तातील ती गाठच सैल करीत असते. रात्रपाळीच्या या एका जास्तीच्या नेमणुकीवर दोन वर्षांपूर्वी विश्वस्त मंडळाच्या बैठकीत बरीच चर्चा झाली होती, त्याचे येथे स्मरण होते.

भूक परतली, सूज उतरली, की दुसरा टप्पा सुरू होतो. आता मिश्रण एफ-१०० : शंभर उष्मांक आणि २.९ ग्रॅम प्रथिने, म्हणजे तिपटीहून अधिक. लोहाचे औषधही आता सुरू करावयाचे, आधी नाही. यकृत सावरले म्हणजे आयजीएफ-१ आणि त्याचे तिसऱ्या क्रमांकाचे वाहक दोन्ही वाढू लागतात, आणि वाढीच्या संप्रेरकाचा इतके दिवस अडलेला हुकूम स्नायूंपर्यंत पोहोचतो. या टप्प्यात दर किलो वजनामागे दिवसाला दहा ग्रॅमची वाढ चांगली समजतात. मूल हसू लागते, ते मात्र याच्याही आधी. आमच्या परिचारिका वजनकाट्यापेक्षा त्या हसण्यावर अधिक भरवसा ठेवतात, आणि त्यांचा अंदाज सहसा चुकत नाही.

काही विश्वस्तांनी सुचविले की इतके सारे संप्रेरकांवर अवलंबून असेल तर रुग्णालयाने त्यांच्या तपासणीचे यंत्र घ्यावे. सूचना सद्हेतूने केलेली आहे, तथापि माझे मत प्रतिकूल आहे, आणि डॉक्टरांचेही. नेहमीच्या तपासण्यांत पुष्कळदा संप्रेरकाची एकूण शिल्लक मोजली जाते, रोकड नव्हे. वाहक प्रथिने घटलेल्या मुलाचे एकूण थायरॉक्सिन कमी दिसेल आणि नसलेल्या आजाराचे औषध सुरू होईल. गर्भवती स्त्रीत याच्या उलट घडते. तिच्यात वाहक वाढते, म्हणून एकूण आकडा फुगलेला दिसतो. तीव्र कुपोषण ओळखावयास दंडघेर मोजण्याची पट्टी, उंची मोजण्याची फळी व नीट चालणारा वजनकाटा पुरतो. सहा महिने ते पाच वर्षांच्या बालकाचा दंडघेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, किंवा दोन्ही पावलांवर बोट दाबून खळगा राहिला, की निदान झाले. दंड मोजणे म्हणजे एका परीने स्नायूंची गंगाजळी मोजणेच होय.

हीच गफलत तरुणांच्या बाबतीतही घडते. व्यायामशाळेत जाणारी मुले टेस्टोस्टेरॉनची चाचणी करून घेतात आणि आकडा कमी पाहून घाबरतात. स्थूल व्यक्तीत या संप्रेरकाचे वाहक कमी असते, त्यामुळे एकूण आकडा कमी येऊनही सुटा भाग पुरेसा असू शकतो. बाहेरून संप्रेरक टोचून घेतल्यास शरीराची स्वतःची निर्मिती थंडावते, आणि पुढे अपत्यप्राप्तीतही अडचण येते. अशा तरुणांच्या आईवडिलांनी आमच्या डॉक्टरांना अवश्य भेटावे.

आपल्या जिल्ह्यापुरता विचार करावयाचा तर स्नायूंचा प्रश्न जन्माच्याही आधी सुरू होतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील माता व बालकांचा अभ्यास हाती घेतला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन साधारण २.७ किलो भरले, तर इंग्लंडमधील साऊदॅम्प्टन येथील बालकांचे ३.५ किलो. महत्त्वाचे हे की आपल्या बालकांत तूट पडली होती ती मुख्यतः स्नायूंची आणि पोटातील अवयवांची, चरबी त्या मानाने टिकून होती. त्याच रुग्णालयात जन्मलेल्या चार वर्षांच्या २०० मुलांच्या रक्तातील आयजीएफ-१ ची मोजणी १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली. उंच व वजनदार मुलांत तो जास्त होता, हे अपेक्षितच. परंतु सध्याचा बांधा सारखा धरला तर जन्मतः कमी वजनाच्या मुलांत तो अधिक आढळला. अन्न मिळताच मागची तूट भरून काढण्याची धडपड, असा याचा एक अर्थ लावता येतो.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात नंदुरबार जिल्ह्यातील पाच वर्षांखालील निम्म्याहून अधिक मुले वयाच्या मानाने कमी वजनाची आढळली. अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील कुटुंबे ऊसतोडीला व मजुरीला गुजरातेत जातात, त्यांत गर्भवती स्त्रियाही असतात. वॉर्डात मोठ्या कष्टाने जुळविलेली ही रक्तातील व्यवस्था फडावर गेल्यावर चार दिवसांच्या उपासाने आणि एका जुलाबाने पुन्हा विस्कटू शकते. म्हणून घरी जाताना आईला ज्वारी, भगर, उडीद, तूर, शेंगदाणे व अंडी यांतूनच, तेल घालून, दिवसातून पाच वेळा काय द्यावे ते शिकविले जाते. डब्यातले काही सांगितले जात नाही. कुटुंब कोणत्या महिन्यात कोठे जाणार आहे, ही नोंदही आता फेरतपासणीच्या कार्डावर घेतली जाते.

प्रथिनांचे ते डबे वाया गेले नाहीत. डॉक्टरांच्या सल्ल्याने ते शस्त्रक्रियेनंतर सावरणाऱ्या प्रौढ रुग्णांना देण्यात आले आणि तसे देणगीदारांना कळविण्यात आले. त्यांनी यंदा डब्यांऐवजी एका महिन्याच्या दुधाचा खर्च उचलला आहे.

आजोबांना डॉक्टरांनी मुलीच्या पावलावर अंगठा दाबून दाखविला. खळगा पडला नाही. ते आणखी दहा दिवस थांबले. सोळाव्या दिवशी मुलगी घरी गेली तेव्हा तिचे वजन ६ किलो २०० ग्रॅम होते. जुन्या पद्धतीने तिच्या नावापुढे वजा २०० लिहावे लागले असते. यंदाच्या तक्त्यात ते अधिक ५०० असे आहे.